वर्ग अ‍ॅबस्ट्रॅक्ट, शिडी इफ-एल्सची

अप्पा बळवंत चौकातून आणलेले जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे कोणतेही गाइड उघडा, अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासच्या, म्हणजे ज्यातून इतर क्लास काढायचे अशा अर्धवट साच्याच्या, धड्यात ‘शेप’ आणि ‘सर्कल’ ठाण मांडून बसलेले असतात. उदाहरणावर माझा राग नाही; मुले ते समजून न घेता जर्नलमध्ये जसेच्या तसे उतरवतात, याचा मात्र मला मनापासून संताप येतो. काल माझ्या शिकवणीतील एका मुलीने ‘वाहन’ हा अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास नीट लिहिला, त्यातून रिक्षा आणि बस असे दोन क्लास काढले, आणि भाडे मोजण्याची वेळ आल्यावर, ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचे आहे हे तपासणारे ‘इन्स्टन्सऑफ’ लावून इफ-एल्सची लांबलचक शिडी उभी केली. तिची गरजच नव्हती: वाहनाच्या रेफरन्सवर, म्हणजे ऑब्जेक्टकडे बोट दाखवणाऱ्या नावावर, भाड्याची मेथड बोलावली, की ऑब्जेक्ट रिक्षाचे आहे की बसचे हे पाहून योग्य ती मेथड प्रोग्रॅम चालतानाच निवडली जाते, आणि उद्या त्यात मेट्रोची भर पडली तरी त्या जुन्या ओळीला हात लावावा लागत नाही. पॉलिमॉर्फिझम नावाची ही सोय १९६७ च्या सिम्युला या भाषेपासून चालत आलेली आहे! अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासचे ऑब्जेक्ट बनत नाही, एवढे सर्वांना पाठ असते, कारण तिथे कंपायलर अडवतो. शिडीला तो अडवत नाही. आणि तोंडी परीक्षेतही पॉलिमॉर्फिझमची व्याख्या ऐकून गुण दिले जातात, प्रोग्रॅम कोणी उघडूनही पाहत नाही.