वास कापड धरतं, बोल मात्र माणसाला

रोज सकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘सुती कपडा घाम पितो म्हणून वास धरतो. पॉलिस्टर घाम पीत नाही, झटकन वाळतं, म्हणून वास राहत नाही. तरी वास आलाच तर माणूस अस्वच्छ. त्याने दुप्पट पावडर आणि सॉफ्टनर वापरावं.’

सुती कपडा घाम पितो, हे खरं. नेहमीच्या हवेतही सुती धाग्यात ७-८ टक्के ओलावा असतो, लोकरीत १६च्या आसपास, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. पण सूत घामाबरोबर वासही बराचसा आत घेतं, बाहेर कमी सोडतं आणि धुताना पाण्याला देऊन टाकतं. त्याची खरी खोड एकच, उशिरा वाळणं. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे कुबट होतात ते त्यामुळे.

पॉलिस्टर झटकन वाळतं, पण वाळतं ते पाणी. ताज्या घामाला वास जवळपास नसतोच, काखेतले जिवाणू तो तयार करतात. पॉलिस्टर पाण्याला लांब ठेवतं आणि तेलाला चिकटवून घेतं. अंगाचं तेल आणि वासाची तेलकट द्रव्यं धाग्यावर बसतात, साध्या धुण्याने पुरती सुटत नाहीत. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने २०१४मध्ये २६ जणांचे व्यायामानंतरचे टी-शर्ट २८ तास ठेवून हुंगवले. पॉलिस्टरचा वास सुतीपेक्षा जास्त वाईट निघाला. मायक्रोकॉकस नावाचे जिवाणूही पॉलिस्टरवरच फोफावले होते.

आता ‘अस्वच्छ’ या शब्दाबद्दल, कारण तोच मला सर्वांत जास्त लागला. माझा धाकटा भाऊ अंबडच्या एका कारखान्यात आहे, गणवेश टेरीकॉटचा, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताच्या मिश्रणाचा. धुतलेला, कडक उन्हात वाळलेला शर्ट नाकाशी धरला तर काही येत नाही. इस्त्री काखेवरून फिरली की वाफेबरोबर तोच वास वर येतो. हा पोरगा दोन वेळा अंघोळ करतो. बसमध्ये शेजारचा एकदा नाक दाबून उठला, तेव्हापासून तो जागा असली तरी उभाच राहतो.

दुप्पट पावडर नीट खळबळली जात नाही, कपड्यातच राहते. सॉफ्टनरचा थर धाग्यावर बसतो आणि खालचं तेल निघणं आणखी अवघड होतं. आम्ही दोन्ही बंद केलं. आता तो आत सुती बनियन घालतो, आणि घरी आल्याआल्या शर्ट पिशवीत न ठेवता उलटा करून भिजत घालतो.