गिझरची वायर : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. गिझरची वायर किती लांब आणि किती जाड असावी, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर "वीस वर्षं वायरिंग करतोय. एक एमएमच्या वायरचा रोध अर्धा ओहमसुद्धा भरत नाही, गिझरचा २६. लांबी-जाडीचा बाऊ करून लोकांना घाबरवू नका," असं तुम्ही लिहिलंत. शिवाय मी न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी तार, धरलीच नाही, हेही दाखवलंत. न्यूट्रलचं शंभर टक्के मान्य. बोर्ड ते बाथरूम १२ मीटर म्हणजे २४ मीटर तांबं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता बाऊचं. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१७२ ओहम, म्हणून २४ मीटरला ०.४१. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढतो. वायरीत उष्णता (प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध) झाली ३१ वॅट. अडीच चौरस मिलिमीटरची वायर असती तर साडेबारा. पण हे ३१ वॅट २४ मीटरवर पसरलेले, मीटरला १.३. वायर कोमट होईल, जळणार नाही. इथे तुमचंच खरं. (तरी गिझरला एकची वायर घालू नयेच. वर एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, १६ अँपिअरचा असला आणि बिघाडाने प्रवाह वाढला, तर तो पडायच्या आत वायर भाजून निघेल.)

पण मग नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात गिझरचा प्लग का जळाला? वायर अडीचची होती, तीही नवी. सॉकेट उघडलं तर न्यूट्रलचा स्क्रू दीड आटा सैल, शेजारचं प्लास्टिक तपकिरी होऊन भुसभुशीत, आणि तांबं काळं. रोधाच्या सूत्रात (लांबी जास्त तर रोध जास्त, क्षेत्रफळ जास्त तर रोध कमी) क्षेत्रफळ येतं ते वायरच्या जाडीचं, असं आपण घोकतो. सैल स्क्रूखाली ते अडीच नसतं. तार जिथे खरोखर टेकते ते दोन-चार ठिपके, तेवढंच. अशा जोडाचा रोध ०.२ ओहम झाला तरी ८.७ अँपिअरला १५ वॅट होतात, आणि तेही हरभऱ्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, त्यावरून अंदाज करा. त्यात तांबं तापलं की त्याचा रोध अंशाला सुमारे ०.४ टक्के चढतो, आणि पृष्ठभागावर काळा ऑक्साइड धरला की टेकायची जागा आणखी घटते.

म्हणजे लेखात जाडीवर दोन परिच्छेद आणि स्क्रूवर एक ओळ, हे माझं चुकलंच. तुम्ही वीस वर्षांत मधोमध जळालेल्या वायरी किती पाहिल्यात आणि जोडाशी जळालेल्या किती, ते जरूर लिहा.