बेसवादकाने पायरी ओळखून राहावं? सात रस्त्यावरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

नावाऐवजी तुम्ही 'सात रस्त्यावरचा जुना श्रोता' अशी सही केलीत, म्हणून काकाच म्हणतो. मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या क्लिफ बर्टनला मी माझ्या लेखात मोठ्या बेसवादकांच्या (खालच्या, जाड सुरांची गिटार वाजवणाऱ्यांच्या) पंगतीत बसवलं, ते तुम्हाला अजिबात पटलेलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मोटाऊन कंपनीचे जेम्स जेमर्सन, लेड झेपेलिन बँडचे जॉन पॉल जोन्स ही माणसं पायरी ओळखून वाजवायची, तबलजीने ठेका धरून बसावं तशी. बेस ऐकू येता कामा नये, नुसता जाणवला पाहिजे. मेटलमध्ये तो ऐकूही येत नाही आणि जाणवतही नाही. आणि आताची पोरं रील्सवर अंगठे आपटत बसतात, कारण 'तुमच्या पिढीला कान नाहीत, फोन आहेत'.

शेवटचं वाक्य लागलं. पण सुरुवात जेमर्सनपासून करतो, कारण तुमचं सगळं म्हणणं त्यांच्यावरच उभं आहे.

जेमर्सन साधं वाजवत नव्हते, काका. आधी ते उभा डबल बेस वाजवायचे. बेस गिटार हातात आल्यावरही उजव्या हाताची एकटी तर्जनीच चालवायचे. तारा गुळगुळीत गुंडाळीच्या, आणि तुटल्याशिवाय त्या बदलायचे नाहीत असं त्यांच्याबद्दल सांगतात. म्हणून आवाज मऊ, गोल, पटकन विरणारा. त्या मऊपणाला आपण साधेपणा समजतो. सूर मोजायला बसलं तर माणूस चक्रावतो. मधले कोमल-तीव्र सूर घेत, मात्रेच्या किंचित अलीकडे-पलीकडे पाऊल टाकत, मोकळ्या तारेवरून उडी मारून परत जागेवर. गायक मार्विन गे वर गातात आणि खाली जेमर्सन दुसरं गाणंच गात असतात, तरी एकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही. तबल्याचीच भाषा बोलायची तर ही नुसती ठेका धरून बसलेली साथ नव्हे. गवय्याने श्वास घेतला की जागा भरणारी आणि समेला बिनचूक हजर होणारी साथ आहे.

आणि पायरीचं म्हणाल, तर ती त्यांनी निवडली नव्हती. डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीच्या रेकॉर्डवर वादकांची नावंच छापत नसत. १९७१च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या कव्हरवर ती आली, तोवर जेमर्सन यांनी वाजवलेली कितीतरी गाणी जगभर पोचली होती. १९८३ साली ते गेले, तेव्हा ती गाणी तोंडपाठ असलेल्या असंख्य लोकांना त्यांचं नाव माहीत नव्हतं. याला नम्रता म्हणणं मला त्या माणसावर अन्याय वाटतो.

जोन्स यांचंही तेच. 'रॅम्बल ऑन' (१९६९) लावा. अकूस्टिक गिटार हळू खाजवल्यासारखी वाजते आणि चाल पुढे नेतो तो बेस. लेड झेपेलिनच्या त्या गाण्यात बेस फक्त जाणवतो असं कुणी म्हणूच शकणार नाही. त्याच्याही आधी, १९६५ साली, 'द हू' या बँडच्या 'माय जनरेशन'मध्ये जॉन एन्टविसल यांनी चक्क बेसचा सोलो वाजवला. म्हणजे 'पूर्वीचे शांत, आताचे दिखाऊ' ही विभागणी तुमच्याच काळातली गाणी खोडून काढतात.

अंगठ्याचंही सांगतो. तो रील्समधून आलेला नाही. लॅरी ग्रॅहम तरुणपणी आईबरोबर वाजवायचे आणि जोडीला ड्रमर नव्हता. मग ते अंगठ्याने तार ठोकून किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं काम करायला लागले आणि बोटाने तार उचकून स्नेअरचं, म्हणजे काठीने वाजवायच्या टणक ड्रमचं. यालाच स्लॅप म्हणतात. १९६०च्या दशकात गरजेपोटी जन्मलेलं तंत्र आहे हे. उलट ज्याला तुम्ही 'आताचा' म्हणाल तो रेड हॉट चिली पेपर्सचा फ्ली, त्याने १९९१च्या अल्बमच्या वेळी स्लॅप जाणूनबुजून कमी केलं आणि सूरही गाळले.

तर मग कसोटी कोणती? माझ्या मते सूर किती घेतले यापेक्षा घेतलेला सूर कुठे संपवला, यावर बेसवादक कळतो. आमची प्रॅक्टिस पूर्व भागात एका यंत्रमागाच्या कारखान्यामागच्या खोलीत चालते. मागांचा खडखडाट थांबला की आम्ही बसतो. तिथे मी नव्या पोरांना एकच गोष्ट आधी करायला लावतो. सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये (गळ्यावरच्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात) बोट ठेवायचं, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर एकेक सूर, बस. ड्रमरचा स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सूर लांबू दिला की स्नेअर त्यात बुडतो. आता बोट तारेवरून न काढता नुसता दाब सोडायचा, स्नेअर पडतो नेमक्या त्या क्षणी. सूर तुटतो आणि ड्रमरने हात जरासुद्धा न बदलता स्नेअर एकदम मोकळा, टणक वाजायला लागतो. गाणं चालायला लागतं. पोरं दचकून ड्रमरकडे बघतात, आणि ड्रमर बेसकडे बघत असतो. वाजवणारा साठीचा आहे की सोळाचा, सहा तारा आहेत की चार, याचा इथे काही संबंध येत नाही.

फोनच्या बाबतीत मात्र तुमचं दुखणं खरं आहे. बेसच्या सगळ्यात खालच्या मोकळ्या तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो, तो फोनच्या स्पीकरमधून निघतच नाही. वरचे उपस्वर ऐकून आपला मेंदू तो सूर भरून काढतो. फोनवर शिकणाऱ्या पोराला ठोक आणि खटका तेवढा स्पष्ट येतो, म्हणून तो तेवढाच गिरवतो. याची मलाही काळजी वाटते. मिरवणुकीत डॉल्बीने छाती हादरते त्याला बेस म्हणू नये, हेही शंभर टक्के मान्य. पण तुम्ही तरी ही गाणी पहिल्यांदा कशावर ऐकलीत? ट्रान्झिस्टरवर आणि कॅसेटवरच ना? मोटाऊनवाले तर गाडीतल्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर मिक्स तपासून बघायचे. लहान स्पीकरमधूनही कान तयार होतात.

शिवाय पिढ्यांची भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही. मुंबईची मोहिनी डे आज जगभर वाजवते. तिला बेस शिकवला वडिलांनी, सुजॉय डे यांनी, आणि तेही बेसवादकच.

आता बर्टन. मेटलमध्ये बेस कुठे असतो ते दाखव, म्हणालात. १९८८च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये तो खरंच जवळपास ऐकू येत नाही, तक्रार रास्त आहे. पण तो दोष मिक्सिंगचा. तिथे वाजवणारा जेसन न्यूस्टेड होता, आणि बर्टन तोवर हयात नव्हता. त्याच बँडच्या १९८३च्या पहिल्या अल्बममध्ये बर्टनच्या बेस सोलोला एक अख्खा ट्रॅक दिलेला आहे. १९८४चं 'फॉर हूम द बेल टोल्स' तुम्ही बहुतेक ऐकलं असेल. सुरुवातीला घंटेनंतर जी घोगरी, घसरत खाली येणारी 'गिटार' वाजते, तो बर्टनचा बेस आहे. डिस्टॉर्शन लावलेला, वरच्या पट्टीत चढवलेला. आणि तिथून गाणं सुरू झालं की तोच माणूस मुकाट खाली उतरतो आणि ड्रमला चिकटून चालतो. कुठे गायचं आणि कुठे धरून ठेवायचं, हे दोन्ही एकाच गाण्यात. जेमर्सनमध्ये तुम्हाला जे आवडतं ते हेच आहे, असं मला मनापासून वाटतं.

२७ सप्टेंबर १९८६ला स्वीडनमध्ये बस उलटून तो गेला, तेव्हा २४ वर्षांचा होता. मागे तीन अल्बम. त्या तिन्हींच्या जोरावर मी त्याला मोठा म्हणतो, आणि पुढच्या लेखातही म्हणणार आहे.