आमच्या ७० टक्के कोकोच्या पिउरा डार्क चॉकलेट बारवरील अभिप्रायाला उत्तर

नमस्कार मॅडम,

आपण या बारला दोन तारे दिलेत. तो आंबट लागतो, ५० ग्रॅमला ४५० रुपये ही लूट आहे, आणि चॉकलेट मुळात मेक्सिकोचं असताना पेरू देशाचं नाव फक्त भाव वाढवायला लावलंय, असं आपण लिहिलंत. चव आवडली नाही, त्यावर वाद नाही. पण बाकीच्या बोलण्यात तिथल्या शेतकऱ्यांवर अन्याय होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कोको पिण्याची रीत जगाला मेक्सिकोकडून मिळाली, हे खरं. झाड मात्र ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातलं. २००८ सालच्या जनुकीय अभ्यासात कोकोचे १० गट मांडले गेले. त्यातल्या मारान्योन, इकितोस, नानाय, काँतामाना या गटांची नावंच पेरूतल्या नद्यांची आणि गावांची आहेत. पेरूच्या सीमेजवळ, इक्वेडोरमधल्या सांता आना-ला फ्लोरिदा इथल्या भांड्यांवर सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या कोकोचे अंश सापडले. म्हणजे पेरूचं नाव आम्ही उगाच चिकटवलेलं नाही.

आता आंबटपणा. पिउरा हा उत्तर पेरूतला कोरडा मुलूख. नदीच्या पाण्यावर, केळीच्या सावलीत छोटे शेतकरी तिथे पांढरा कोको राखून आहेत. साधं ताजं बी कापलं तर आत गडद जांभळं दिसतं. इथलं बरंचसं बी आतून पांढरं निघतं. जांभळा रंग नाही, त्यामुळे कडवटपणा आणि तुरटपणाही कमी, आणि मग लिंबू-चिंचेकडे झुकणारी चव वर येते. नीट न आंबवलेल्या किंवा घाईत वाळवलेल्या मालाचा आंबटपणा वेगळा, त्याचा व्हिनेगरसारखा वास नाकात जातो. तो वास आला तर ते पोतं आम्ही भट्टीत घालतच नाही. कोकोवर क्षाराची प्रक्रिया करून ही आंबट चव मारता येते. आम्ही ते करणार नाही. मग पिउराचा कोको घ्यायचाच कशाला?

किमतीचं कारणही झाडातच आहे. इक्वेडोरमध्ये १९६५ साली तयार झालेला सीसीएन-५१ हा वाण भरघोस फळतो आणि रोगाला सहज बळी पडत नाही. पेरूत तो खूप पसरलाय. जुनी देशी झाडं त्याच्यापुढे कमी पिकतात. दोन्हींच्या बीला एकच भाव मिळाला तर शेतकरी जुनं झाड ठेवेल कशाला? ज्याचं घर त्या शेतावर चालतं, त्याला आपण तरी काय सांगणार? सहकारी संस्था या शेतकऱ्यांकडून ओलं बी घेऊन एकत्र आंबवते, वाळवते, आणि आम्ही तिला बाजारभावापेक्षा जास्त देतो. त्यावर जहाजभाडं आणि आयात शुल्क. ही किंमत मी कमी करू शकत नाही.

आपल्याला गोडसर, मऊ चव हवी असेल तर आमचा ५५ टक्के कोकोचा मिल्क चॉकलेट बार घेऊन पाहा. उरलेला पिउरा बार दुकानात आणलात तर तो बदलून देऊ.