गाडी ५० देते म्हणजे कशावरून?

काल डहाणूकरच्या कोपऱ्यावर कटिंग हातात येतोय न येतोय तोवर मन्या सुरू झाला, "माझी स्कूटर ५० देते, आजच काढलं!" आणि मागच्या टाकीला हाच बोंबलत होता की ४२ वर आली, मेकॅनिकने वाट लावली म्हणून. अरे आठवड्यात गाडी एवढी बिघडते काय आणि सुधारते काय?

म्हटलं पावत्या काढ. डिकीत दोन्ही सापडल्या, एक पावसात भिजून चिकटलेली. दोन्ही वेळा टाकी फुल केलेली: आधीच्या वेळी १७२ किलोमीटरला ४.१० लिटर, आज १८१ ला ३.६२. खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्या वेळी ऑटोकट झाल्यावरही, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद पडल्यावरही, ह्याने अजून टाकायला लावलं, पार गळ्यापर्यंत. ते जादाचं साधारण ३०० मिली धर, तेच पहिल्या हिशोबात जास्त दिसलं आणि आजच्या हिशोबात तेवढंच कमी भरलं. दोन्ही मिळून ३५३ किलोमीटर, ७.७२ लिटर, म्हणजे ४५.७. गाडीला काहीच झालेलं नव्हतं, मेकॅनिकला उगाच शिव्या खाव्या लागल्या.

पक्या म्हणे, "मग ४२ आणि ५० ची सरासरी ४६, तेच आलं की." इथे आलं रे, दर वेळी नाही येत. तुझी कार हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये २०० किलोमीटर १० ने गेली आणि एक्सप्रेसवेला २०० किलोमीटर २० ने, तर सरासरी १५ नाही, कारण पेट्रोल लागलं २० अधिक १० लिटर. ४०० भागिले ३०, १३.३. आधी सगळे किलोमीटर नि सगळे लिटर बेरीज करायचे, भागाकार शेवटी एकदाच.

"पण एरवी मी २०० रुपयांचं टाकतो, दर वेळी फुल कोण करतं?" हा मन्या. चालेल ना, लिटर लिहीत जा, फक्त पुढची टाकी फुल होईपर्यंत भागाकार करू नको.

मग ई२० निघालंच, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे २० टक्के मिसळलं की ६-७ टक्के फटका, म्हणजे नुसत्या पेट्रोलवर ४५ देणारी गाडी ४२ वर. हे मला पटतंच, पण जिथे एकदा जादा ओतल्याने आकडा आठने हलतो तिथे हा तीनचा फरक एका टाकीत ओळखणार कसा? त्याला आठ-दहा टाक्यांची नोंद पाहिजे.

पक्याला अजून कारच्या डिस्प्लेवरचाच आकडा खरा वाटतो. मन्याने मात्र तिथेच ओडोमीटरचा फोटो काढला.