लाल पेनातला शेरा

अठ्ठावीस वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला. एवढ्या वर्षांत लाल पेनाने सर्वात जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर "अक्षर सुधारा".

माझं स्वतःचं अक्षर वळणदार. वडिलांनी पाटीवर गिरवून घेतलेलं. एक काना वाकडा गेला की पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून. शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायचा, प्रमाणपत्रांवरची नावं मी भरायची, निरोप समारंभाचं मानपत्रही माझ्याच हातचं. "अक्षर बघावं तर बाईंचं" हे इतकं ऐकलं की तीच माझी ओळख झाली. आणि नकळत मनात पक्कं बसलं: अक्षर नेटकं त्याचं डोकं नेटकं, वही गचाळ तो मुलगा निष्काळजी.

दहावीचे बोर्डाचे पेपर तपासत होते, तेव्हा याला पहिल्यांदा धक्का बसला. तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या नियामकांकडे गेलेल्या गठ्ठ्यातला एक पेपर त्यांनी माझ्यासमोर ठेवला. चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या चित्रकथीसारख्या नामशेष होत चाललेल्या परंपरा पुन्हा जिवंत करणं का गरजेचं आहे, असा प्रश्न. पानभर खाडाखोड, ओळी उताराला लागलेल्या, जोडाक्षरं एकमेकांवर चढलेली. मी निम्मे गुण दिले होते. नियामक बाई एवढंच म्हणाल्या, "मॅडम, जरा मोठ्याने वाचा ना."

वाचलं. मुलाने लिहिलं होतं, की चित्रं संग्रहालयात जपून ठेवली तरी ती दाखवत गोष्ट सांगणारा माणूस गेला की चित्रं मुकी होतात, म्हणून सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या त्या कलाकारांची घरं आधी जगली पाहिजेत. हे पुस्तकात नव्हतं. त्याचं स्वतःचं होतं. मी ते पान डोळ्यांनी पाहिलं होतं, वाचलं मात्र नव्हतं.

त्या रात्री झोप लागली नाही. मी हिशेबात कच्ची, आजही बाजारात सुटे पैसे मोजताना गोंधळते. गणितात मागे पडणाऱ्या मुलाला मी कधी निष्काळजी म्हटलं नाही. "जमेल हळूहळू" म्हणून पाठीवरून हात फिरवला. जिथे मी उणी, तिथे मी उदार. जिथे मला मान मिळाला, तिथेच कडक.

मानसशास्त्रज्ञ पावेल लेविकी यांनी १९८३ मध्ये हेच मांडलं होतं: ज्या गुणात माणूस स्वतःला चांगला समजतो, तोच गुण दुसऱ्याला जोखताना त्याच्या लेखी मोठा होतो. घरोघरी बघा. पोळी छान जमणाऱ्या सासूला सून पोळीच्या पदरावरून कळते. पै-पै चा हिशेब ठेवणारा माणूस सोयरिकीतही आधी पैशाचा व्यवहार बघतो. यात कुणी दुष्ट नसतं. ज्याने आपल्याला चार लोकांत मान मिळवून दिला, तीच आपली फूटपट्टी होते, आणि ती आपली आहे हेच आपण विसरतो.

मात्र ही फूटपट्टी चालते ती आपल्या हाताखालच्यांवर. मुख्याध्यापकांचं अक्षर माझ्या डोळ्यांना कधी खुपलं नाही.

डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, हा शब्द मी फार उशिरा, एका प्रशिक्षणात ऐकला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हात आणि मेंदू यांचा मेळ बसत नसलेल्या किती मुलांना मी दहा-दहा पानं शुद्धलेखन काढायला लावलं असेल! मधल्या सुट्टीत एकटाच बाकावर बसून, जीभ दातात धरून गिरवणारा एक मुलगा अजून डोळ्यांसमोर येतो. त्याच्या निबंधात काय होतं, हे मला एका ओळीनेही आठवत नाही.

माझे बरेच विद्यार्थी इथे आहेत. ज्यांच्या वहीवर मी तो शेरा मारला, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर मला माफ करा. आणि तेव्हा काय लिहिलं होतं ते आठवत असेल, तर सांगा मला. या वेळी वाचेन.