नवी गाडी, भाईचे ट्रक आणि कुळागर

काल गोव्यातल्या डिचोलीच्या कट्ट्यावर गाडीवरून जोरदार वाजलं. आमच्यातल्या धाकट्याला 10 लाखांचं कर्ज मंजूर झालंय. 7 वर्षं, 9 टक्के. "हप्ता 16 हजार. पगारात आरामात बसतो," तो म्हणाला.

"म्हणजे साडेतेरा लाख भरणार," मास्तर म्हणाले. "आणि तोवर गाडी जुनी."

"मग पावसात पोरीला स्कूटरवरून शाळेत सोडू?"

त्याचंही खरं होतं. आपल्याकडची बससेवा बघता गाडीला चैन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एवढा वेळ गप्प असलेला भाई बोलला. "2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा खनिज वाहणारे माझे 2 ट्रक दारात उभे, आणि हप्ते चालूच. त्याआधी फेऱ्यांचा पैसा असा यायचा की आपण श्रीमंत झालो असंच वाटायचं. घरावर मजला चढवला, लग्नाला अख्खा गाव जेवला. माझ्या थोरल्या भावाने मात्र त्याच पैशातून कुळागर, म्हणजे सुपारी-मिरीची बाग, वाढवलं. सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, आम्ही त्याला हसायचो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या, तेव्हा त्याच्या सुपारी-मिरीवर दोन्ही घरं जेवली."

मला वाटतं, सगळा वाद इथेच मिटायला हवा होता. भाईची कमाई थोरल्यापेक्षा कमी कधीच नव्हती; पण कमाई थांबल्यावरही देत राहील असं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

"मी कुळागर आणू कुठून?" धाकटा चिडला.

"पीपीएफ काढ, सरकारी बचत खातं," बँकवाला म्हणाला. "महिन्याला 5 हजार. 7.1 टक्के दर टिकला तर 15 वर्षांत 9 लाखांचे पावणेसोळा होतात. फक्त 5 तारखेच्या आत भर, नाहीतर त्या पैशावर त्या महिन्याचं व्याज बुडतं."

"आणि गाडी?"

"4 लाखांची जुनी घे. 5 वर्षांचा हप्ता 9 हजारांच्या आसपास बसेल. उरलेल्या 7 हजारांतले 5 पीपीएफला, 2 अडीअडचणीला."

मास्तरांना तेही पटेना. आधी 6 महिन्यांचा घरखर्च बाजूला, मग गाडी, हा त्यांचा हट्ट. मी मास्तरांच्या बाजूचा, पण पोरगी 6 महिने भिजत जाणार नाही, हेही कळतं.

धाकट्याने नव्या गाडीचं बुकिंग आधीच केलंय. ते पैसे परत मिळतात का, हे तो उद्या विचारून येणार आहे.